शिकारीच्या वाड्यातले चेहरे

फ्लॉरेन्सहून पिसाकडे निघालात की वाटेत एम्पोली लागते. तिथून आर्नो नदी ओलांडून उत्तरेकडच्या टेकड्या चढू लागलात की एका टेकडीच्या माथ्यावर चेर्रेतो ग्वीदी हे छोटे गाव दिसते. लिओनार्दोचे विंची इथून अगदी जवळ. गावाच्या सर्वांत उंच जागी साध्या भिंतींचे एक दुमजली घर उभे आहे. त्याच्यापर्यंत पोहोचायला विटांच्या रुंद, दुहेरी चढणी आहेत. बेर्नार्दो बुओन्तालेन्ती या वास्तुकाराचे नाव त्यांच्याशी जोडले जाते. घराच्या मानाने या चढणी फारच भव्य वाटतात. पण त्या माणसांपुरत्या बांधलेल्या नव्हत्या. घोडे, कुत्र्यांचे कळप आणि शिकारीचा सारा लवाजमा त्यांवरून वर जायचा. 1560 च्या दशकात फ्लॉरेन्सचा ड्यूक पहिला कोझिमो मेदिची याने ग्वीदी सरदारांच्या जुन्या गढीच्या जागी हे घर शिकारीसाठी बांधून घेतले.

आज हे सरकारी संग्रहालय आहे. आत शिकारीची शस्त्रे आहेत आणि भिंतींवर मेदिची घराण्यातल्या स्त्री-पुरुषांची व्यक्तिचित्रे आहेत. त्यांत कोझिमोची मुलगी इसाबेला आहे आणि तिचा नवरा पाओलो जोर्दानो ओर्सिनी हाही आहे. 16 जुलै 1576 रोजी इसाबेला याच घरात मेली. नवऱ्याने तिचा गळा आवळला, असे साडेचारशे वर्षे सांगितले जाते. बरेच लोक ही गोष्ट ऐकूनच इथे येतात आणि तिच्या चित्रासमोर उभे राहून त्या चेहऱ्यात पुढच्या मरणाची चाहूल शोधतात.

ती चाहूल तिथे सापडणार नाही. व्यक्तिचित्र म्हणजे त्या घराण्याने स्वतःबद्दल दिलेली जबानी. अफवा ही बहुधा विरोधकांची जबानी असते. या दोन्हींच्या पलीकडे तिसरा पुरावा असतो: जुनी पत्रे, थडग्यांतली हाडे, रंगाच्या थराखाली दडलेला दुसरा रंग. मेदिचींच्या बाबतीत हे तिन्ही आपल्याला उपलब्ध आहेत, आणि म्हणून या घरातले चेहरे इतके काही शिकवतात.

सावकारांचे राजे झाले

मेदिची हे जन्माने राजे नव्हते. जोव्हान्नी दि बिच्ची याने 1397 मध्ये फ्लॉरेन्समध्ये पेढी काढली, तिथून या घराण्याचे भाग्य उजळले. पुढे बराच काळ त्यांनी प्रजासत्ताकाचा सांगाडा तसाच ठेवून पडद्याआडून शहर चालवले. 1532 मध्ये अलेस्सांद्रो मेदिची उघडपणे ड्यूक झाला आणि 1537 च्या जानेवारीत त्याच्याच नात्यातल्या लोरेन्झिनोने त्याचा खून केला. गादी रिकामी झाली. मुख्य शाखेत लायक वारस उरला नव्हता, म्हणून धाकट्या शाखेतला सतरा वर्षांचा एक मुलगा पुढे आणला गेला. तो कोझिमो. बाप भाडोत्री सैन्याचा नामांकित सरदार, आई मारिया साल्व्हियाती ही लोरेन्झो 'इल मान्यिफिको'ची नात. पोरगा हाताखाली राहील, असा फ्लॉरेन्सच्या मातब्बरांचा हिशेब होता. तो पूर्ण चुकला. कोझिमोने सत्ता हाती घेतली, सिएना जिंकले, आणि 1569 मध्ये पोप पाचव्या पायस यांच्याकडून 'तोस्कानाचा ग्रँड ड्यूक' हा किताब मिळवला.

तरीही युरोपातल्या जुन्या राजघराण्यांच्या नजरेत ते पेढीवालेच होते. हा डाग पुसण्यासाठी कोझिमोने दोन मार्ग धरले: एक सोयरिकींचा आणि दुसरा चित्रांचा. 1539 मध्ये त्याने नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची मुलगी एलेओनोरा दि तोलेदो हिच्याशी लग्न केले. दोघांना अकरा मुले झाली. त्या मुलांना त्यांच्या जन्मापासून रंगवण्याचे काम आन्योलो ब्राँझिनो या दरबारी चित्रकाराकडे आले.

ब्राँझिनोची ही चित्रे पाहिली की या घराण्याला काय म्हणायचे होते ते लगेच उमजते. कोझिमो चकचकीत पोलादी चिलखतात उभा आहे, हात शिरस्त्राणावर, नजर बाजूला. 1545 च्या एलेओनोराच्या चित्रात तिचा पोशाख चेहऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. पांढऱ्या रेशमावर काळी वेलबुट्टी, सोन्याच्या तारेचे डाळिंब, गळ्यात मोत्यांचे सर, आणि शेजारी लहानगा जोव्हान्नी. शब्द एकही नाही, पण अर्थ स्वच्छ आहे: राज्य मजबूत आहे, कोठार भरलेले आहे आणि वारस घरात आहे.

या चित्रातल्या पोशाखाविषयी एक समजूत बराच काळ पक्की होती. एलेओनोराला याच वस्त्रात पुरले, असे 1857 मध्ये मेदिचींची थडगी उघडली गेल्यानंतर मानले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस वस्त्रतज्ज्ञांनी थडग्यातल्या जीर्ण कापडाचा धागा न् धागा तपासला, तेव्हा ते वेगळेच निघाले. पुरताना अंगावर होता तो साटीनचा दुसरा, साधा पोशाख. चित्रावरून रचलेली गोष्ट कापडाने खोटी पाडली.

एक चेहरा, अनेक प्रती

आज व्यक्तिचित्र म्हटले की चित्रकार आणि समोर बसलेला माणूस असे दृश्य डोळ्यांपुढे येते. सोळाव्या शतकातल्या दरबारात हे फार क्वचित घडे. राजा किंवा राणी एकदा बसत. त्यावरून चित्रकार चेहऱ्याचा पक्का आराखडा करी. मग आराखड्याच्या रेषांवर बारीक भोके पाडून त्यातून कोळशाची पूड दाबली की नव्या फळीवर ठिपक्यांनी तोच चेहरा उमटे. आपल्याकडे रांगोळीच्या छिद्रांच्या कागदाने जे साधते, तेच हे तंत्र. पुढचे काम कार्यशाळेतले मदतनीस करत. चिलखतातल्या कोझिमोच्या वीसहून अधिक प्रती ज्ञात आहेत. त्या मित्रराजांना, वकिलांना, व्याह्यांना आणि निष्ठावान सरदारांना पाठवल्या गेल्या. नवे मानचिन्ह मिळाले की ते नव्या चित्रांत येई. सम्राट पाचव्या चार्ल्सकडून 1545 मध्ये मिळालेला 'सोनेरी लोकरी'चा सन्मान कोझिमोच्या पुढच्या चित्रांत गळ्यात झळकू लागला.

कोझिमोला केवळ आपलेच चेहरे पुरेसे वाटले नाहीत. पाओलो जोव्हियो या बिशप-इतिहासकाराने कोमो सरोवराकाठी जगातल्या नामवंतांच्या चित्रांचा संग्रह जमवला होता. तिथली चित्रे उतरवून घेण्यासाठी कोझिमोने 1552 मध्ये क्रिस्तोफानो देल्ल' अल्तिस्सिमो या चित्रकाराला पाठवले. त्याने या कामात आयुष्याची पुढची कित्येक वर्षे घालवली आणि दोनशेहून अधिक चेहरे उतरवले. हे चेहरे आज उफ्फिझीच्या मार्गिकांत छताजवळ ओळीने दिसतात. सम्राट, सुलतान, सेनापती, कवी यांच्या रांगेत मेदिचीही बसवले गेले. पेढीवाल्यांचे वंशज एका भिंतीवर जगाच्या इतिहासात सामील झाले.

चेर्रेतो ग्वीदीतली चित्रे पाहताना हे ध्यानात ठेवायला हवे. ती मूळची याच भिंतींवरची आहेत असे समजू नये. ग्रँड ड्यूक पिएत्रो लिओपोल्दोने 1780 मध्ये हे घर खासगी हातांत दिले आणि जुने सामान पांगले. पुढे मालक बदलत गेले. शेवटच्या मालकाने 1969 मध्ये घर राज्याला भेट दिले, आणि 1978 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर फ्लॉरेन्सच्या सरकारी संग्रहांच्या कोठारांतून मेदिचींची चित्रे इथे आणली गेली. ज्या घरात ही माणसे शिकारीला यायची, त्या घरात त्यांचे चेहरे परतले. शिकारीचे संग्रहालय 2002 मध्ये इथेच सुरू झाले, आणि 2013 मध्ये युनेस्कोने मेदिचींच्या बारा व्हिला आणि दोन बागा जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या, त्यांत या घराचा समावेश झाला.

शिकार म्हणजे राज्य

राजघराण्याची चित्रे आणि शिकारीची शस्त्रे एकाच छपराखाली असणे इथे अगदी योग्य आहे, कारण शिकार ही या माणसांची करमणूक होती तितकीच ती राज्य करण्याची रीत होती. चेर्रेतो ग्वीदीच्या टेकडीच्या एका बाजूला चेर्बाये नावाची रानाची पट्टी आहे, दुसरीकडे फुचेक्क्योची विस्तीर्ण दलदल आणि तिसरीकडे मोन्ताल्बानोचे डोंगर. रानात हरीण आणि रानडुक्कर, दलदलीत पाणपक्षी, माळावर ससे. दरबार ऋतूप्रमाणे एका व्हिलातून दुसऱ्या व्हिलात हले. जिथे ड्यूक जाई तिथे कारकून, दूत आणि अर्जदार पोहोचत, आणि राज्याचा तो तो भाग धन्याच्या नजरेखालून जाई.

रान राखीव असे. तिथे सामान्य माणसाने जाळे लावणे, बंदूक चालवणे गुन्हा होता. डुकरांनी पीक उकरले तरी शेतकऱ्याने हात उगारायचा नाही, ही त्या काळच्या साऱ्या युरोपची रीत होती आणि तोस्कानाही तिला अपवाद नव्हता. पुढे सतराव्या शतकात दुसऱ्या फेर्दिनांदोने मोन्ताल्बानोवर 'बार्को रेआले' म्हणजे राजेशाही शिकारवन आखले आणि त्याला सुमारे 50 किलोमीटर लांबीची दगडी भिंत घातली. तिचे अवशेष आजही रानात दिसतात. एवढी भिंत बांधायची ती हरणे बाहेर जाऊ नयेत आणि माणसे आत येऊ नयेत म्हणून. सत्ता कशी दिसते याचे हे दगडातले व्यक्तिचित्रच म्हणायचे.

या वैभवाची एक किंमत होती, आणि ती कुठल्याही चित्रात दिसत नाही. शिकारीची उत्तम जागा म्हणजे पाण्याची जागा, आणि पाण्याची जागा म्हणजे डासांची जागा. 'मलेरिया' हा शब्दच इटालियन आहे: 'माला आरिया', म्हणजे वाईट हवा. दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने हा ताप येतो असे तेव्हा मानत. डासाचा दोष ठरायला अजून तीन शतके जायची होती. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले ते 1897 मध्ये.

1562 चा हिवाळा

ब्राँझिनोने 1545 मध्ये दीड वर्षांच्या जोव्हान्नीचे एकट्याचे एक चित्र काढले, ते उफ्फिझीत आहे. गुबगुबीत गाल, लालसर पोशाख, मुठीत धरलेला इवला पक्षी, आणि उघड्या ओठांतून दिसणारे दोन दुधाचे दात. दरबारी चित्रांत मुले सहसा हसत नाहीत; हे मूल हसते आहे. जगभरच्या लोकांना हे चित्र आवडते.

हा जोव्हान्नी पुढे किशोरवयातच कार्डिनल झाला. 1562 च्या शरद ऋतूत कोझिमो, एलेओनोरा आणि काही मुले समुद्रकिनाऱ्याकडच्या प्रदेशात शिकारीला आणि प्रवासाला निघाली. वाटेत एकेक जण तापाने पडू लागला. 20 नोव्हेंबरला जोव्हान्नी लिव्होर्नोत गेला, वय 19. 12 डिसेंबरला त्याचा भाऊ गार्झिया पिसात गेला, वय 15. पाचच दिवसांनी, 17 डिसेंबरला, एलेओनोरा गेली. एका महिन्यात एका घरातून तीन तिरड्या उठल्या.

लगेच कुजबुज सुरू झाली. शिकारीवरून भांडण होऊन गार्झियाने जोव्हान्नीला भोसकले, संतापलेल्या बापाने गार्झियाला तलवारीने मारले, आणि आई दुःखाने गेली, अशी कथा कोझिमोच्या शत्रूंनी पसरवली. त्याने फ्लॉरेन्समधून हाकललेले प्रजासत्ताकवादी इटलीभर विखुरले होते आणि त्यांना ही गोष्ट आवडणे स्वाभाविक होते. कथा इतकी नाट्यमय होती की पुढच्या शतकांत ती इतिहास म्हणूनच सांगितली गेली.

कोझिमोची पत्रे मात्र वेगळे सांगतात. थोरला मुलगा फ्रान्चेस्को तेव्हा स्पेनमध्ये होता. बापाने त्याला आजाराची हकीकत कळवली, तीत तापच आहे. आणि मग हाडे बोलली. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चमधल्या मेदिची थडग्यांचा अभ्यास 2004 पासून पिसा विद्यापीठाच्या जिनो फोर्नाच्यारी यांच्या गटाने इतर संस्थांसह हाती घेतला. मुलांच्या हाडांवर खुनाची खूण सापडली नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत एलेओनोरा, जोव्हान्नी आणि गार्झिया यांच्या हाडांत हिवतापाच्या सर्वांत घातक जातीच्या, म्हणजे प्लाझ्मोडियम फाल्सिपेरमच्या, प्रथिनांचे अंश मिळाले. भाऊ भावाचा वैरी नव्हता, बाप मुलाचा मारेकरी नव्हता. त्यांना मारले ते दलदलीने.

अशीच गोष्ट फ्रान्चेस्कोची. 1587 च्या ऑक्टोबरमध्ये तो आणि त्याची दुसरी बायको बियांका कापेल्लो पोज्जो आ कायानोच्या व्हिलात एका दिवसाच्या अंतराने गेले. धाकट्या भावाने, फेर्दिनांदोने, विष घातले असे लोक म्हणू लागले. 2006 मध्ये काही संशोधकांनी अर्सेनिकचा पुरावा सापडल्याचे मांडले, तर 2010 च्या अभ्यासात फ्रान्चेस्कोच्या हाडांतही हिवतापाची खूण मिळाली. या दोघांविषयी अभ्यासकांमध्ये अजून मतभेद आहेत. फेर्दिनांदोने बियांकाला घराण्याच्या थडग्यांत जागा दिली नाही, एवढे निश्चित. चित्रातून आणि थडग्यातून कोणाला वगळले हेही घराणे मुद्दाम ठरवत असते.

इसाबेला

आता पुन्हा चेर्रेतो ग्वीदीत येऊ. इसाबेला 31 ऑगस्ट 1542 रोजी जन्मली, कोझिमोची लाडकी मुलगी. 1558 मध्ये ओर्सिनी या रोमच्या बड्या घराण्यातल्या पाओलो जोर्दानोशी तिचे लग्न झाले. पण ती सासरी राहिली नाही. कोझिमोने तिला फ्लॉरेन्समध्येच ठेवले, आणि 1562 च्या त्या हिवाळ्यानंतर, आई गेल्यावर, दरबाराची पहिली स्त्री म्हणून तीच वावरू लागली. ती संगीत जाणणारी होती, भाषा जाणणारी होती. मद्दालेना काझुलाना या संगीतकार स्त्रीने 1568 मध्ये आपल्या माद्रिगाल गीतांचा संग्रह छापला, तो इसाबेलाला अर्पण केला. स्त्रीने रचलेल्या संगीताचे छापील पुस्तक युरोपने पहिल्यांदा पाहिले ते हेच. घोडदौड आणि शिकार हे तिचे आवडीचे विषय होते.

एप्रिल 1574 मध्ये कोझिमो वारला आणि गादीवर भाऊ फ्रान्चेस्को आला. बापाचे छत्र गेले. इसाबेलाचे नाव नवऱ्याच्याच नात्यातल्या त्रोइलो ओर्सिनीशी जोडले जात होते. 1576 च्या जुलैत दोन मृत्यू सहा दिवसांच्या आत झाले. 10 जुलैला काफाज्जोलोच्या व्हिलात इसाबेलाची मामेबहीण आणि भावजय लिओनोरा दि तोलेदो गेली. 16 जुलैला चेर्रेतो ग्वीदीत इसाबेला गेली. तिचे वय 33 होते. लहान मुलगी आणि मुलगा मागे राहिले. केस धुताना ती अचानक कोसळली, असे दरबाराने कळवले.

या दोन मृत्यूंना एकाच मापाने मोजता येत नाही. लिओनोराला तिच्या नवऱ्याने, म्हणजे इसाबेलाच्या भावाने पिएत्रोने, मारले हे फ्रान्चेस्कोने स्पेनच्या राजाकडे मान्य केले. स्पेन हा लिओनोराच्याच माहेरचा देश, त्यामुळे उत्तर देणे भाग होते. इसाबेलाच्या बाबतीत असा कबुलीजबाब नाही. तिचा गळा दाबला गेला, ही माहिती मुख्यतः फेर्राराच्या वकिलाने आपल्या धन्याला पाठवलेल्या पत्रातून येते. फेर्राराचे एस्ते घराणे आणि मेदिची यांच्यात मानापानावरून वर्षानुवर्षे भांडण होते. मोठे कोण, पुढे कोण बसणार, हा वाद पोप आणि सम्राटापर्यंत गेला होता. असा साक्षीदार खोटाच असेल असे नाही, पण त्याचे म्हणणे तपासूनच घ्यावे लागते.

कॅरोलिन मर्फी या इतिहासकार बाईंनी आपल्या चरित्रात खुनाची बाजू मांडली. एलिझाबेत्ता मोरी यांनी नवरा-बायकोची शेकडो पत्रे वाचून उलट बाजू मांडली: पत्रांत जिव्हाळा आहे, आणि इसाबेला बराच काळ आजारी होती. दोन्ही अभ्यास गंभीर आहेत. माझ्या मते मोरी यांच्या म्हणण्याला अधिक वजन आहे, कारण ते दूरच्या वकिलाच्या ऐकीव बातमीवर नव्हे, तर त्या दोघांनी एकमेकांना लिहिलेल्या शब्दांवर उभे आहे. तरी लिओनोराचा खून झाला होता हे विसरून चालणार नाही. त्या घरातल्या बायकांना भीती वाटण्याचे कारण खरे होते.

अफवेचा पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. पाओलो जोर्दानोने पुढे व्हित्तोरिया अक्कोराम्बोनी हिच्याशी लग्न केले. तिच्या आधीच्या नवऱ्याचा खून झाला होता. 1585 मध्ये पाओलो जोर्दानो वारला आणि थोड्याच दिवसांत व्हित्तोरियाचाही खून झाला. या हकीकतीवर इंग्रज नाटककार जॉन वेब्स्टरने 'द व्हाइट डेव्हिल' हे नाटक लिहिले, ते 1612 मध्ये छापले गेले. त्यात इसाबेला मरते ती नवऱ्याच्या चित्राचे चुंबन घेऊन, कारण त्या चित्राला विष फासलेले असते. चेर्रेतो ग्वीदीचा मृत्यू लंडनच्या रंगमंचावर पोहोचेपर्यंत व्यक्तिचित्रच हत्यार बनले होते.

रंगाखालची बाई

इसाबेलाच्या चेहऱ्याची आणखी एक गोष्ट अमेरिकेत घडली. पिट्सबर्गच्या कार्नेगी कला संग्रहालयात एलेओनोरा दि तोलेदोचे म्हणून एक चित्र होते. चेहरा गोड, गुळगुळीत, जरा जास्तच गोड. ते बनावट असावे असा तिथल्या अभिरक्षक लुईस लिपिन्कॉट यांना संशय आला आणि त्यांनी ते तपासायला दिले. चित्राला जुन्या पद्धतीच्या भेगा होत्या, म्हणून क्ष-किरणांनी पाहिले, तेव्हा खाली दुसरीच बाई दिसली: नाक मोठे, हनुवटी भरलेली, हात जाड. एकोणिसाव्या शतकात, ग्राहकाला आवडेल असा सुंदर चेहरा वर रंगवला गेला होता.

वरचा रंग अलगद काढल्यावर खाली सोळाव्या शतकातले अस्सल चित्र निघाले. अंगातला पोशाख व्हिएन्नातल्या इसाबेलाच्या एका चित्राशी जुळला, आणि ही बाई इसाबेला मेदिचीच, असे ठरले. चित्र अलेस्सांद्रो अल्लोरीच्या परंपरेतले. आणखी एक गोष्ट कळली. चित्रातले सुगंधी तेलाचे भांडे आणि डोक्यामागचे तेजोवलय मागाहून घातलेले होते. भांडे हे संत मारिया माग्दालेनाचे चिन्ह. प्रणयाबद्दल बदनाम झालेल्या बाईचे पश्चात्तापी संतेत रूपांतर करणारी ही दुरुस्ती तिच्या हयातीतच झाली असावी, असे तिथल्या अभ्यासकांचे मत आहे. 2014 मध्ये ते चित्र प्रदर्शनात ठेवले गेले.

एका फळीवर तीन बायका होत्या. आधी एक राजकन्या, मग संत, मग बाजारात खपणारी सुंदरी. प्रत्येक थर कुणाच्या तरी गरजेने चढला होता.

चित्रे जागेवर कशी राहिली

मेदिचींचा शेवटचा ग्रँड ड्यूक जान गास्तोने 9 जुलै 1737 रोजी वारला. वंश संपला आणि युरोपातल्या सत्तांनी तोस्काना लोरेनच्या घराण्याला देऊन टाकले. नवा राजा सारा संग्रह विकू किंवा उचलून नेऊ शकला असता. जान गास्तोनेची बहीण आन्ना मारिया लुईसा हिने ते होऊ दिले नाही. 31 ऑक्टोबर 1737 च्या 'घराण्याच्या करारात' तिने चित्रे, पुतळे, ग्रंथ, रत्ने, सगळे तोस्कानाच्या राज्याला दिले. अट एकच: राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परदेशी पाहुण्यांचे कुतूहल यांसाठी असलेली कुठलीही वस्तू राजधानीबाहेर, राज्याबाहेर जाणार नाही. फ्लॉरेन्समध्ये आज जे काही पाहायला मिळते त्याचे मोठे श्रेय या एका बाईच्या सहीला आहे. या संग्रहातले मेदिचींचे चेहरे जगभरच्या लिलावांत विखुरले नाहीत तेही तिच्यामुळेच.

मराठी आणि कोकणी वाचकांना या घराण्याची एक खूण फार जवळची आहे. जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या चांदीच्या पेटीखाली जो रंगीत दगडांचा आणि कांस्य फलकांचा उंच चौथरा आहे, तो मेदिचींनी पाठवला. पहिल्या कोझिमोच्या मुलाने, फेर्दिनांदोने, 1588 मध्ये फ्लॉरेन्सला दगडी जडावाची कार्यशाळा स्थापन केली होती. त्याच्या पणतूने, तिसऱ्या कोझिमोने, फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडून हा चौथरा घडवून घेतला. तो समुद्रमार्गे आला आणि 1698 मध्ये गोव्यात उभा राहिला. पुढच्या वेळी बॅसिलिकेत गेलात तर नजर पेटीवरून खाली आणा.

आणि कुठेही, चेर्रेतो ग्वीदीत असो, एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यात असो, जुन्या राजघराण्याच्या चित्रासमोर उभे राहिलात तर चार प्रश्न विचारा. हे चित्र कोणी सांगून काढून घेतले? कोणाला दाखवायला? अंगावर काय आहे ते का आहे? आणि या भिंतीवर कोण नाही? या प्रश्नांची उत्तरे चेहऱ्यात नसतात. ती पत्रांत, थडग्यांत आणि हिशेबाच्या वह्यांत असतात. म्हणून चित्रांइतकेच जुने कागदही जपायला हवेत. चेर्रेतो ग्वीदीच्या त्या घरात इसाबेलाचे नेमके काय झाले, याचा शोध आजही चालू आहे तो तिची पत्रे कुणीतरी जपून ठेवली म्हणून.